मुलतानी माती, नायलॉन आणि एन्ट्रॉपीची भानगड

फेसपॅकसाठी मुलतानी माती भिजवलीये कधी? पाणी घातलं की मस्त फुगते. आता तीच माती वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये टाका. ढवळून हात दुखतील, गुठळ्या काही सुटणार नाहीत.

अशा मातीत बहुतेकदा मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे थर, वहीच्या पानांसारखे एकावर एक. थरांवर ऋणभार, मधल्या फटीत सोडियमसारखे धन आयन. त्यांचं पाण्याशी जमतं, तेलकट स्वभावाच्या प्लॅस्टिकशी नाही. म्हणून सोडियम काढून तिथे लांब कार्बनी शेपटीचे अमोनियम आयन बसवतात.

१९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेने भारी आयडिया लढवली. ज्यापासून नायलॉन-६ बनतं ते कॅप्रोलॅक्टम थरांमध्ये शिरवलं आणि नायलॉन तिथेच तयार केलं. वाढत्या साखळ्यांनी थर ढकलून वेगळे केले. माती पाचेक टक्के, पण भाराखाली नायलॉन वाकायला लागतं ते तापमान ६५ अंशांवरून थेट १५० च्या आसपास! पुढे गाडीतल्या टायमिंग बेल्टचं कव्हर या नायलॉनचं झालं.

पण तयार प्लॅस्टिक नुसतं वितळवलं तर आत शिरेल? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात इमॅन्युएल जियानेलिस यांच्या गटाने पॉलिस्टायरीन घेऊन दाखवलं, शिरतं. न ढवळता, नुसतं तापवून.

खरी गंमत इथे आहे. ‘मिसळलं की एन्ट्रॉपी वाढते’ हे आपण बारावीत घोकलंय. इथे मात्र मोकळी वळवळणारी लांबलचक साखळी एवढ्याशा फटीत घुसते, म्हणजे गर्दीच्या वेळची विरार लोकलच. हलायला जागा नाही, तिची एन्ट्रॉपी घटते. मग ती जातेच कशाला? रिचर्ड वाया आणि जियानेलिस यांनी १९९७ मध्ये हिशेब मांडला. साखळी शिरली की फट रुंदावते आणि आधीपासून चेंगरून उभ्या असलेल्या शेपट्यांना हातपाय पसरता येतात. एकीचा तोटा, दुसरीचा फायदा, बेरीज जवळपास शून्य. मग निकाल लागतो तो साखळीला मातीच्या पृष्ठभागाचं किती आकर्षण आहे त्यावर. म्हणून शेपट्याही बेतानेच हव्यात. गच्च भरल्या तर पृष्ठभागच झाकला जातो, आणि साखळीला धरायला काही उरत नाही.

बादल्या-डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन यात सगळ्यात हट्टी. त्याला मातीबद्दल काही वाटतच नाही. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून घातलं, की कुठे बोलणी सुरू होतात.