उरलेल्या डेनिमची औजार-गुंडाळी: होतकरू कारागिराला कामाची भेट

कापडाच्या धंद्यात ताग्याच्या शेवटी तुकडा उरतोच. पॉपलिनचा तुकडा अस्तराला, पिशवीला जातो. डेनिमचा तुकडा मात्र कोपऱ्यात पडून राहतो आणि शेवटी कतरण म्हणून वजनावर विकला जातो. या जाड कापडाचे एक चांगले काम आहे, ते म्हणजे औजारे ठेवण्याची गुंडाळी. नव्याने कामाला लागलेल्या इलेक्ट्रिशियनला, सुताराला किंवा मेकॅनिकला इतकी उपयोगी घरगुती भेट क्वचितच मिळते. खर्च फक्त धागा, फीत आणि नाडीचा. माप मात्र चुकता कामा नये. आमचे चुकले होते.

आमचा भाचा आय.टी.आय. करून एका वायरमनच्या हाताखाली लागला. औजारे प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यायचा. एका कामावर त्याचा कटर दुसऱ्याच्या सामानात गेला तो परत आलाच नाही. नवा घ्यायचा तर पदरचे पैसे, आणि कमाई शिकाऊ मुलाची. आम्ही दुकानातला तुकडा काढून घरच्या मशीनवर गुंडाळी शिवली आणि ईदला त्याला दिली. महिन्याभराने पाहतो तर ती कपाटावर आणि हातात तीच पिशवी. विचारले तर म्हणाला, "मामू, रागावू नका. यात पक्कड जातच नाही, आणि टेस्टर वाकलो की पडतो."

शेजारच्या टेलर मास्तरांना दाखवली. ते म्हणाले, "शेठ, तुम्ही औजाराची रुंदी मोजलीत, घेर मोजला नाही." बात खरी होती. पक्कड टेबलावर ठेवली तर 2 इंच दिसते, म्हणून आम्ही 2 इंचांचा कप्पा ठेवला. तिची जाडी हिशेबात धरलीच नव्हती. दुसरी गुंडाळी मास्तरांच्या सल्ल्याने शिवली. तिची रीत अशी.

कापडाची निवड

डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो. जाडी औंसात सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाचे वजन. या कामाला 10 ते 12 औंसचे कापड बरे. 14 औंसच्या चार घड्या घरगुती मशीनला जड जातात. तुकडा आडवा ओढून पाहावा. रबरासारखा ताणला तर त्यात लायक्रा आहे. असे कापड घेऊ नये, कप्पे सैल पडतात. कोरे कापड आधी एकदा धुऊन वाळवावे. ते आटते, आणि नीळ धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेली असल्याने सुरुवातीला रंग सोडते. जुन्या जीन्सचे पाय चालतात, पण गुडघ्याचा झिजलेला भाग टाळावा.

माप

औजाराचा जो भाग कप्प्यात जाणार, त्यातील सर्वांत जाड जागेवर टेप गुंडाळून घेर मोजावा. घेराच्या निम्मे अधिक अर्धा इंच सूट, ही कप्प्याची रुंदी. पकडीचा घेर 5 इंच भरला तर अडीच आणि अर्धा मिळून 3 इंच. भाच्याच्या सामानाचा हिशेब असा झाला: पक्कड 3, वायर सोलण्याचे औजार 3, नोज पक्कड अडीच, कटर अडीच, तीन स्क्रू ड्रायव्हर प्रत्येकी 2, टेस्टर दीड, पेन्सिल-मार्कर दीड. एकूण 20 इंच. दोन्ही कडांना 1-1 इंच धरून रुंदी 22 इंच.

त्यानुसार तीन तुकडे कापावेत, ताणा उंचीच्या दिशेने ठेवून:
पाठ: 22 इंच रुंद, 19 इंच उंच. खालचे 12 इंच औजारांना, वरचे 7 इंच झाकण.
कप्प्यांची पट्टी: 22 बाय 8 इंच.
तळाची पट्टी: 22 बाय 3 इंच. ही नसली तर स्क्रू ड्रायव्हरचे टोक तळ फाडते.

शिलाई

सुई 16 नंबरची, जाड जागी 18. धागा मजबूत पॉलिएस्टर, टाका मोठा, इंचाला 7 ते 8. कप्प्यांच्या पट्टीची वरची कड 1 इंच दुमडून दोन ओळी शिवाव्यात. पाठीच्या तळाशी आतून तळाची पट्टी आणि तिच्यावर कप्प्यांची पट्टी ठेवून कडा कच्च्या टाक्याने धराव्यात. मग खडूने कप्प्यांच्या रेघा आखून तळाकडून वर शिवत यावे.

कप्प्याच्या तोंडाशी तीन-चार वेळा उलटसुलट टाका घालावा, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते. कामगारांच्या पँटचे खिसे असेच फाटत, म्हणून अमेरिकेतील रिनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस यांनी तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि 20 मे 1873 रोजी लेव्ही स्ट्रॉस यांच्या कंपनीसह त्याचे पेटंट मिळवले.

साधारण 40 इंच नाडी मधोमध दुमडून, तळापासून 6 इंचांवर एका बाजूच्या कडेला टाचावी. शेवटी चारही कडांना सुती फीत लावावी. कड दुमडून शिवली तर थर वाढतात आणि सुई मोडते. जाड सांधे हातोडीने हलके ठोकावेत आणि तेथे मशीनचे चाक हाताने फिरवावे.

टेस्टर पडण्याचा इलाज म्हणजे वरचे झाकण. आमच्या पहिल्या गुंडाळीला ते नव्हतेच. झाकण खाली पाडून मगच गुंडाळावे. देताना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. ओली औजारे आत ठेवू नयेत, सुती कापड ओल धरते आणि गंज चढतो. आणि हे कापड विजेपासून बचाव करत नाही.

दुसरी गुंडाळी भाचा रोज नेतो. काम संपले की एखादा कप्पा रिकामा दिसतो आणि राहिलेले औजार तिथल्या तिथे शोधता येते. वाचकांनी भेट शिवायची ठरवली तर आधी एक काम करावे: ज्याला द्यायची त्याची औजारे एक रात्र मागून घ्यावीत आणि टेप लावावी. कात्री त्यानंतर.