गरमी, परमा आणि राखाडी किट
लेखांक ४

सिफिलिस म्हणजे गरमी आणि गनोरिया म्हणजे परमा, हे जुन्या पिढीतल्या बहुतेकांना ठाऊक असतं. चारचौघांत कुणी उच्चारत नाही, इतकंच. परमा हा शब्द प्रमेहावरून आला, आणि आयुर्वेदातल्या प्रमेहात मधुमेहही येतो, कारण तिथे लघवीच्या नाना तक्रारींची एकच मोट बांधलेली आहे. युरोपातही फार वेगळं नव्हतं. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनला तो स्राव वीर्य वाटला, म्हणून 'बीज वाहणं' अशा अर्थाचं गनोरिया हे नाव रूढ झालं. प्रत्यक्षात तो पू असतो. त्याचा जंतू नायसरने १८७९ मध्ये शोधला, तरी नाव तेच राहिलं. आजही 'धातू जाते' म्हणून धास्तावलेला धडधाकट तरुण आणि खरोखर परमा झालेला पुरुष दवाखान्यात एकाच बाकावर बसलेले असतात, आणि दोघांची तक्रार जवळपास एकाच शब्दांत येते.

गरमीची कथा जास्त भांडखोर. १४९५ च्या सुमारास नेपल्समध्ये साथ उसळली, तेव्हा इटलीवाले म्हणाले हा फ्रेंचांचा रोग, फ्रेंच म्हणाले नेपल्सचा. सिफिलिस हे नाव १५३० मध्ये फ्राकास्तोरोच्या लॅटिन काव्यातल्या एका मेंढपाळावरून आलं. आपल्याकडे भावमिश्राने 'भावप्रकाशा'त त्याला फिरंगरोग म्हटलं. खापर फिरंग्यांवर फुटलं खरं, पण वैद्याची नजर पक्की होती: आधीपासून माहीत असलेल्या उपदंशात हा न ढकलता त्याने तो वेगळा मांडला. त्यावर पारा आणि चोपचिनी ही औषधी मुळी चाले. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात या चोपचिनीवर स्वतंत्र प्रकरणच आहे.

मला सगळ्यात खटकतो तो 'गुप्तरोग'. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेला हा शब्द लपवायलाच शिकवतो. नवऱ्याने गुपचूप औषध घेतलं आणि बायकोला काही सांगितलं नाही, तर तिच्याकडून त्याला पुन्हा लागण व्हायला कितीसा वेळ लागणार?

डॉक्टर आता 'रोग' टाळून 'लैंगिक संसर्ग' म्हणतात. यात सोवळेपणा नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. आत गर्भनलिकांना इजा होत राहते आणि मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की मग कधीतरी उलगडा होतो. रोग दिसत नसतो, संसर्ग असतो.

सरकारी कागदांवर एसटीआयच्या, म्हणजे या लैंगिक संसर्गाच्या, जोडीने आरटीआय असतं, म्हणजे प्रजननमार्गाचा संसर्ग. हा फरक घराघरांत पोहोचायला हवा. 'अंगावरून पांढरं जातं' म्हणणाऱ्या बाईला बरेचदा साधी बुरशीची लागण असते. शरीरसंबंध नसतानाही ती होते, आणि अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर तर तिची शक्यता वाढते. तेवढ्यावरून तिच्या चारित्र्याचा पंचनामा करणारी सासू किंवा नवरा निव्वळ अडाणीपणा करत असतात. तसंच गरोदरपणातल्या व्हीडीआरएल या गरमीच्या रक्ततपासणीचं. ती तपासणी सरसकट सगळ्यांची करतात. 'रिॲक्टिव्ह' आलं म्हणजे गरमी ठरली असं नाही. इतर आजारांत, क्वचित गरोदरपणातही, ती तशी येते. टीपीएचएसारख्या दुसऱ्या तपासणीने खात्री करावी लागते.

सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये नावांची ही भानगड रंगांनी बरीच सोपी केली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची (नॅको) औषधांची सात किट्स आहेत. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयाच्या मुखातून स्राव असेल तर राखाडी, जननेंद्रियावर व्रण असेल तर पांढरं, त्यात पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर निळं, हर्पीसला लाल. प्रयोगशाळेच्या रिपोर्टसाठी न थांबता, लक्षण पाहून त्याच दिवशी औषध हातात पडतं आणि जोडीदारालाही घेऊन या असं सांगितलं जातं. ज्या बाईला लक्षणंच नाहीत ती मात्र आपणहून या खिडकीशी येत नाही. नवऱ्याने तिला सांगितलं, तरच येते.

पुढच्या आठवड्यात : एचआयव्ही आणि एड्स, दोन वेगळ्या गोष्टी.