घड्याळदुरुस्तीसाठी पेचकसांची निवड

घड्याळदुरुस्ती हा अल्प भांडवलात, एका टेबलावर सुरू करता येणारा व्यवसाय होय. तथापि, दुरुस्तीस आलेले घड्याळ दुसऱ्याचे असते आणि त्यावरील एक ओरखडाही कारागिराची पत कमी करतो. म्हणून प्रशिक्षणवर्गासाठी अथवा होतकरू तरुणासाठी हत्यारे खरेदी करताना पेचकसांची निवड विचारपूर्वक व्हावयास हवी. संचात किती नग आहेत यापेक्षा प्रत्येक पाते स्क्रूच्या खाचेत नीट बसते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

पात्याची रुंदी खाचेच्या लांबीएवढी किंवा किंचित कमी असावी. पाते अरुंद असल्यास खाचेच्या कडा फाटतात. रुंद असल्यास भोवतालच्या भागावर चरे उमटतात. जाडीही तितकीच महत्त्वाची आहे. पाते खाचेच्या तळाला टेकले पाहिजे व त्यात ढिले राहता कामा नये. मनगटी घड्याळाच्या बहुतेक कामांस ०.८०, १.००, १.२०, १.४० आणि १.६० मिलिमीटर रुंदीचे पाच पेचकस पुरतात. स्विस बनावटीच्या संचांत त्यांच्या रंगखुणा अनुक्रमे पिवळी, काळी, तांबडी, करडी व जांभळी अशा आढळतात. पेचकसाच्या माथ्यावरील टोपी सहज फिरणारी असावी, म्हणजे तर्जनीने दाब कायम ठेवून अंगठा व मधल्या बोटाने दांडा फिरविता येतो.

पोलाद फार मऊ असल्यास टोक वाकते, फार कठीण असल्यास त्याचा टवका उडतो. झिजलेले टोक ऑइलस्टोनवर घासून सपाट करावे. त्यास सुरीसारखी धार आणू नये. पेचकसात चुंबकत्व शिरल्यास ते घड्याळातील हेअरस्प्रिंगमध्ये उतरू शकते. तिचे वेढे एकमेकांस चिकटले, की घड्याळ पुढे धावू लागते. क्वार्ट्झ घड्याळात सेल बदलताना पाते घसरून कॉइलच्या बारीक तारेस लागले, तर घड्याळ बंदच पडते.

उत्तम पेचकसासही जाणत्या हाताची जोड हवी. अनेक घड्याळांत क्राउन व्हीलचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो व त्यावर बहुधा तीन समांतर रेघा असतात. तो उजवीकडे फिरविल्यानेच सैल होतो; डावीकडे जोर लावल्यास मोडतो.

शाळा अथवा पंचायतीमार्फत साहित्य घेताना केवळ कमी दर पाहून संच स्वीकारू नये. जुन्या घड्याळाच्या स्क्रूंवर प्रत्येक पाते बसवून पाहावे आणि मागणीपत्रात सुटी पाती व एक ऑइलस्टोन यांची नोंद अवश्य करावी.