रागाची वीस मिनिटे

रमजानमध्ये अस्रची नमाज झाली की सक्करदऱ्यात खरेदीची लगबग सुरू होते. ताजबागपासून बाजारापर्यंत खजूर, केळी, टरबूज घेणाऱ्यांची गर्दी होते. घराघरांत इफ्तारची तयारी चालते आणि अनेक घरांत नेमकी याच वेळी नवरा-बायकोत ठिणगी पडते. बर्फ आणायचा राहिला, मुलाला कोणी आणायचे, पाहुण्यांना न विचारता का बोलावले, एवढेसे निमित्त पुरते. रोजा सुटून पोटात दोन घास गेले की त्याच गोष्टीचे दोघांनाही काही वाटत नाही.

यात स्वभावाचा भाग असतो, तसा शरीराचाही असतो. सेहरीसाठी पहाटे उठल्याने झोप मोडलेली असते. सकाळचा चहा चुकल्याने अनेकांचे डोके दुखते. दिवसभर पाणी नसते आणि रक्तातील साखर उतरलेली असते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १०७ जोडप्यांची रक्तशर्करा २१ दिवस मोजली गेली. प्रत्येकाला जोडीदाराच्या नावाची बाहुली दिली होती आणि रोज रात्री जितका राग असेल तितक्या टाचण्या तिला टोचायच्या होत्या. साखर कमी असलेल्यांनी जास्त टाचण्या टोचल्याचे दिसून आले. ही जोडपी उपवास करणारी नव्हती. म्हणजे हा प्रश्न कोणत्याही घराचा, कोणत्याही धर्माचा आहे.

भांडण तापले की काय होते? छातीत धडधड वाढते, श्वास उथळ होतो, जबडा आवळला जातो. शरीर जणू संकटाला तोंड द्यायला उभे राहते. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजत हा अभ्यास केला. गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले की माणूस समोरच्याचे नीट ऐकूच शकत नाही. अशा वेळी दिलेली समजूत, मांडलेला हिशेब, मागितलेली माफीही वाया जाते.

त्यांच्या एका प्रयोगात यंत्र नीट करायचे आहे असे सांगून भांडण मध्येच थांबवले गेले. जोडप्यांना अर्धा तास मासिके वाचायला दिली आणि वादाच्या विषयावर बोलायचे नाही असे सांगितले. पुन्हा बोलायला बसले तेव्हा ठोके उतरले होते आणि बोलण्याचा सूरही निवळला होता. विषय तोच होता, माणसेही तीच होती. शांत झाले होते ते शरीर. त्यासाठी किमान वीस मिनिटे लागतात, असे गॉटमन यांचे म्हणणे आहे.

जोडप्यांच्या समुपदेशनात आता शरीराकडून सुरुवात करण्याची पद्धत रुजते आहे ती यामुळेच. कोण चूक, कोण बरोबर हे नंतर. आधी पाय जमिनीवर टेकवून बसायचे, खांदे सैल सोडायचे. श्वास हळू घ्यायचा आणि त्याहून हळू सोडायचा, मिनिटाला साधारण सहा वेळा. लांब उच्छ्वासाने मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस ठोके मंदावते. समोरासमोर बसून बोलणे जड जात असेल तर शेजारी शेजारी चालत बोलायचे.

श्रद्धावंतांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. राग आला आणि उभे असाल तर बसा, तरीही शमला नाही तर आडवे व्हा, वुजू करा, म्हणजे पाण्याने हात, तोंड, पाय धुवा, असा प्रेषित मुहंमद (स.) यांचा उपदेश हदीसच्या संग्रहांत आहे. रोजेदाराशी कोणी भांडायला आले तर त्याने आपला रोजा असल्याचे सांगून गप्प राहावे, असेही त्यांनी शिकवले. रागाला आवर घालायची सुरुवात इथेही शरीरापासूनच होते.

स्पर्शाचेही असेच आहे. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसेल असे सांगून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. पतीचा हात हातात असताना मेंदूतील भीतीची हालचाल कमी झाली. ज्यांचे नाते चांगले होते, त्यांच्यात ती अधिक कमी झाली. मात्र हात दोघांच्या मनाने धरला गेला पाहिजे. नको असलेला स्पर्श औषध ठरत नाही.

इथे दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, थांबणे म्हणजे अबोला नव्हे. अबोल्यात समोरच्याला शिक्षा असते, थांबण्यात परत येण्याचे वचन असते. ‘तरावीहनंतर बोलू’ असे सांगून उठावे आणि तरावीहनंतर खरोखर बोलावे. दुसरी, थकवा दोघांच्या वाट्याला सारखा येत नाही. रोजा दोघांचा असतो, पण सेहरीला आधी उठणारी आणि इफ्तारनंतर भांडी आवरणारी बहुतेक घरांत एकच असते. तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगण्याआधी तिच्या हातातले ताट घ्यावे. नाते दुरुस्त करण्याचा हाही शरीराचाच मार्ग आहे.

जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे हे उपाय लागू नाहीत. तिथे सुरक्षितता आधी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि नागपूर पोलिसांचा भरोसा सेल त्यासाठी आहेत. मन खचले असेल तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मोफत बोलता येते.

रोजेदारासमोर पाण्याचा पेला भरलेला असतो, घसा कोरडा असतो, तरी अजान होईपर्यंत तो हात पुढे करत नाही. महिनाभर पाण्यासाठी जमणारा हा संयम जिभेवर आलेल्या कडू शब्दासाठीही जमू शकतो. तिथे तर दिवसभर थांबायचे नाही, वीस मिनिटे पुरतात.