भांडं उलटं करून बघा

पुतणीने फोनवर एक फोटो पाठवला. अकरा नगांचा सेट, आरशासारखी चकाकी, काचेची झाकणं, लाल दांडे. खाली प्रश्न होता, "काका, हा घेऊ का?" तिचं नवं घर पुण्यात. ओट्यावर दोन बर्नरचा गॅस आणि शेजारी इंडक्शनची शेगडी. घरात दोघं, दोघंही नोकरी करणारी, भांडी रात्री स्वतःच घासणारी. मी तिला लिहिलं, "तळाचा फोटो पाठव." तो तिला सापडेना. विकणाऱ्याने तो दिलाच नव्हता.

कराडच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी ते उभं केलं, मी १९८६ पासून गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाईक भांडं हातात घेतं, तेव्हा आधी आतली चकाकी बघतं, मग काठावरून बोट फिरवतं, मग किंमत विचारतं. भांडं उलटं करून तळ बघणारी माणसं मी फार थोडी पाहिली. त्यातल्या बहुतेक रोज घासायला बसणाऱ्या बायका होत्या. त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. करपलेलं दूध ज्याने नखाने खरवडलं आहे, त्याला तळाचं महत्त्व कळतं.

स्टील गंजत नाही, आंबटाला घाबरत नाही, पडलं तरी फुटत नाही. पण उष्णता वाहून नेण्यात ते फार मागे आहे. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरापट आणि तांबं जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता पसरवतं. पातळ स्टीलच्या पातेल्याला ज्योत जिथे लागते तिथेच ते तापतं आणि शेजारचा भाग मागे राहतो. लोक करपलेली पातेली दुकानात घेऊन येतात, "हे असं का झालं?" म्हणून. आत बघितलं की बर्नरच्या मापाचं काळं कडं दिसतं, जणू शेगडीचा शिक्काच उठलेला. त्यात बाईची काहीच चूक नसते. पत्रा पातळ असतो.

पत्र्याची जाडी आमच्या धंद्यात गेजमध्ये सांगतात, आणि इथे गिऱ्हाईक हमखास फसतं. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, २२ गेज म्हणजे पाऊणच्याही किंचित आत. "बावीस गेजचं आहे" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर ते पातेलं पाणी तापवायला न्यावं, खिरीला नको.

स्टीलच्या या उणिवेवर उपाय दोन. एकात तळाला ॲल्युमिनियमची चकती बसवून तिच्यावर पुन्हा स्टील चढवतात, त्याला सँडविच तळ म्हणतात. दुसरा ट्रायप्लाय. यात आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर स्टील असा तिपदरी पत्रा तळापासून काठापर्यंत एकसारखा असतो. सँडविच तळाच्या भांड्यात चकती संपते त्या रेषेवर रस्सा करपतो, कारण तिच्यावरची भिंत पुन्हा नुसत्या स्टीलची असते. चकतीच्या कडेला फट दिसली तर ते भांडं घेऊच नका, तिथे पाणी आणि साबण शिरत राहतो. दूध, खीर, बासुंदी, साखरेचा पाक, मसालेभात ज्या घरात वरचेवर होतात, तिथे एक तरी ट्रायप्लाय पातेलं असावं. नुसतं वरण गरम करायला ते लागत नाही.

आता लोहचुंबकाबद्दल. बरीच वर्षं मीही ते गल्ल्यात ठेवत असे. भांड्याला लावून दाखवायचं, चिकटलं नाही की म्हणायचं, बघा, अस्सल स्टील. तेव्हा मला तेवढंच ठाऊक होतं. नंतर एका माल पुरवणाऱ्याने ग्रेडचा तक्ता समजावून दिला आणि मी ते चुंबक दाखवणं बंद केलं. स्वयंपाकाला चांगलं मानलं जाणारं स्टील ३०४ ग्रेडचं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून भांड्यावर १८/८ लिहितात. निकेल महाग. ते कमी करून त्याजागी मँगेनीज घातलं की २०१ किंवा २०२ ग्रेडचं स्टील होतं. तेही चुंबकाला चिकटत नाही, पण मीठ आणि आंबट यांच्यापुढे ते ३०४ इतकं टिकत नाही. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या चांगल्या भांड्याच्या तळाला चुंबक चिकटलंच पाहिजे, नाहीतर शेगडी ते भांडं ओळखणारच नाही. म्हणजे चुंबक सांगतं ते इंडक्शनपुरतं. ग्रेडसाठी शिक्का वाचावा आणि पावतीवर लिहून घ्यावा. स्टीलच्या स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे भारतीय मानक आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्याचा आदेश काढला. प्रेशर कुकरला तर ते १ फेब्रुवारी २०२१ पासूनच सक्तीचं आहे.

घासायला सोपं भांडं डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं. तळ आणि भिंत मिळते तो कोपरा आतून गोलाईचा हवा. तिथे खाच असली की रोजचा खरकट्याचा कण तिथेच अडकतो. काठ दुमडलेला असेल तर दुमडीत पाणी राहून काळी रेघ धरते. कान रिव्हेट मारून बसवलेले असतील तर आतल्या बाजूच्या टोप्यांभोवती नख फिरवून बघा. आणि भांडं रिकामं उचलून ठरवू नका, अर्धं पाण्याने भरून उचलायला मागा. दुकानदार नाही म्हणणार नाही. माझ्या आईची मनगटं संधिवाताने गेली, तेव्हा तिची आवडती जाड कढई तिला फडताळातून काढता येईना. उत्तम कढई, पण तिच्यासाठी ती संपली होती. दोन कानांची, मध्यम वजनाची कढई आणून दिली, तेव्हा ती पुन्हा स्वतः भाजी परतू लागली.

स्टीलला दूध लागू नये म्हणून आधी पातेलं विसळून तळाशी थोडं पाणी राहू द्यावं, ही आजीची रीत अजून चालते. परतायचं असेल तर कोरडी कढई आधी तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्र होऊन आटला तर थांबा, मोत्यासारखा घरंगळला तर आच जरा कमी करून तेल घाला. मग कांदा चिकटत नाही. मीठ गार पाण्यात घालून तळाशी बसू देऊ नका, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर घाला. इंद्रधनुष्यासारखे डाग दिसले तर घाबरू नका, तापल्यामुळे आलेला तो रंग आहे, लिंबाने जातो. करपलं तर पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळा, रात्रभर राहू द्या. तारेची घासणी शेवटी.

लोखंडाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ते सगळ्यात स्वस्त असून सगळ्यात लवकर टाकून दिलं जातं. आमच्या दुकानातून नेलेला बिडाचा तवा पंधरा दिवसांत परत येतो, "गंजला" म्हणून. बीड म्हणजे ओतीव लोखंड, खरबरीत आणि ठिसूळ. ते हळू तापतं, पण तापलं की उष्णता धरून ठेवतं, म्हणून घावन आणि आंबोळीला जाळी पडते. नवा तवा गरम पाण्याने धुऊन गॅसवर पूर्ण कोरडा करायचा, जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल फडक्याने चोळायचं आणि पुन्हा तेवढंच पुसून काढायचं, जणू तेल चुकून लागलं होतं. मग धूर निघेपर्यंत तापवायचा. असे चार-पाच हात. तेलाचा तो पातळ थर तापून घट्ट होतो, लोखंडाच्या छिद्रांत बसतो आणि काळं गुळगुळीत कवच तयार होतं. तेल जास्त झालं तर तवा चिकट होतो, बहुतेकांची चूक तीच. पहिले काही दिवस त्यावर धिरडी घाला, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा. थोड्या साबणाने काही बिघडत नाही, भिजत ठेवल्याने बिघडतं. तापलेला तवा गार पाण्याखाली धरू नका, तडकेल. आणि लोखंडी कढईत टोमॅटो, चिंच, आमसूल शिजवून तशीच ठेवू नका. भाजी काळी पडते, मुरलेला थरही जातो. लोखंडाचा अंश अन्नात उतरतो हे खरं आणि ते बऱ्याच घरांना हवंच असतं, पण पिठलं आणि मेथीची भाजी त्याला पुरेशी आहेत. गंजला असेल तर तारेने घासा, पुन्हा तेल मुरवा. बिडाचा तवा गंजाने वाया जात नाही. हातातून फरशीवर पडला तर मात्र फुटतो.

पितळेचं मला वाईट वाटतं. सत्तरच्या दशकात लोक जड पितळी पातेली, तपेली मोडीत घालून हलकं स्टील घेऊन जात. ती वडील तराजूवर तोलायचे, आणि कोरलेली नावं मी वाचत बसायचो, कुणाच्या तरी आजीची. आता नातवंडं तीच पितळ शोधत येतात आणि कल्हई कशाला म्हणून विचारतात. आंबट पदार्थ उघड्या पितळेत किंवा तांब्यात राहिला की धातू त्यात उतरतो, ताक हिरवट होतं, चव बिघडते. त्याला आपल्याकडे 'कळकणं' असा स्वतंत्र शब्द आहे. ते थांबवण्यासाठी आतून कथलाचा थर देतात. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. धूर उठतो आणि पिवळा तळ क्षणात चांदीसारखा होतो. लहानपणी हे बघायला आम्ही शाळा सुटल्यावर पळत जायचो. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये, तारेने घासू नये. आतून पिवळं दिसू लागलं की कल्हईची वेळ झाली. कल्हईवाल्याला शुद्ध कथील वापरायला सांगा, शिशाची भेसळ असलेलं नको. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून मठारकामाचे ठोके ऐकू येतात. ते ठोके नुसती नक्षी नसतात, त्यांनी पत्रा कडक होतो.

कल्हईवाला जवळ नसेल तर पितळेत रोज स्वयंपाक करण्याचा हट्ट धरू नये, असं मी स्पष्ट सांगतो. माझी विक्री बुडाली तरी.

ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त. काळवंडलेल्या पातेल्यात चिंचेचं सार उकळलं की ते आतून लख्ख होतं, कारण वरचा थर सारात उतरलेला असतो. म्हणून आंबटासाठी नको. हार्ड ॲनोडाइज्ड असेल तर पृष्ठभाग कडक केलेला असतो, ते बरं. नॉनस्टिक एक असू द्या, मंद आचेच्या कामाला. त्यावरचा लेप साधारण २६० अंशांपुढे बिघडू लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथे काही मिनिटांत पोचतो. लाकडी उलथणं वापरा, खरवडला की बदला. कुकरची शिट्टी आणि गास्केट त्याच कंपनीचं घ्या. आत पाणी सुमारे १२० अंशांना उकळत असतं, तिथे काटकसर नको.

पुतणीकडे मी पिशवीतून चार वस्तू नेल्या. दीड लिटर आणि तीन लिटरची ट्रायप्लाय पातेली, दोन कानांची मध्यम कढई आणि आईचा बिडाचा तवा, गंजलेला. कुकर तिच्याकडे होता. एवढ्यात भागतं का, असं तिने विचारलं. पुढच्या चार महिन्यांत काय अडतंय ते लिहून ठेव आणि तेवढंच घे, असं मी म्हणालो. आतापर्यंत तिने एक फोडणीची पळी आणि एक परात मागितली आहे.

काल रात्री तिचा निरोप आला: "काका, तव्याला तेलाचे तीन हात झाले, तरी घावन कडेला चिकटतंय."

मी लिहिलं, "मधे सुटतंय ना? मग मुरतोय. आणखी दोन हात दे, कडेलाही दे. तेल पुसून काढ."