गृहकर्जानंतरचे क्रेडिट कार्ड
गृहकर्ज काढून नव्या घरात राहायला गेलेल्या माणसाने क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, की बँक प्रामुख्याने दोन गोष्टी पाहते. घराचा हप्ता भागवून त्याच्या हातात किती उरते, ही पहिली आणि तो नेमका कुठे राहतो हे कागदपत्रांवरून सिद्ध होते का, ही दुसरी. पगार चांगला आहे, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, तरी अर्ज फेटाळला जातो, तेव्हा कारण पुष्कळदा या दोहोंपैकी एकात सापडते.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब सरळ आहे. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये पडतो. हातात येणारा पगार ९० हजार असेल, तर जवळजवळ ४८ टक्के रक्कम त्या एका हप्त्यात जाते. ठरलेल्या हप्त्यांचे उत्पन्नाशी असलेले हे प्रमाण बँका ‘एफओआयआर’ या नावाने मोजतात. प्रत्येक बँकेची मर्यादा वेगळी असते, पण प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास पोचले की नवे कर्ज देताना बहुतेक बँका हात आखडता घेतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तर अधिकच, कारण गृहकर्जामागे घर तारण असते. कार्डामागे साधारणपणे काहीही तारण नसते. त्यामुळे ज्या पगारावर ५० लाखांचे कर्ज मिळाले, त्याच पगारावर एक लाखाची मर्यादा असलेले कार्ड नाकारले जाणे, यात वरवर वाटते तशी विसंगती नाही.

पती-पत्नींनी मिळून कर्ज घेतले असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हप्ता दोघे निम्मा-निम्मा भरत असले तरी पूर्ण कर्ज दोघांच्याही पतअहवालात नोंदले जाते. कार्ड देणारी बँक निम्माच हप्ता धरेल, असे गृहीत धरता येत नाही.

हा पतअहवाल तयार करणाऱ्या चार कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांपैकी सिबिल २००० साली स्थापन झाली आणि तिचेच नाव लोकांच्या तोंडी बसले आहे. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि ७५० च्या वरचा गुणांक सर्वसाधारणपणे चांगला मानला जातो. नवे गृहकर्ज सुरू झाले, की हा गुणांक काही काळ थोडा उतरू शकतो. कर्जासाठी तीन-चार बँकांकडे विचारणा केलेली असते आणि त्या प्रत्येक बँकेने अहवाल मागवल्याची नोंद राहते. शिवाय खाते अगदी नवे असते आणि बाकी रक्कम मोठी. हप्ते वेळेवर जात राहिले, की गुणांक सावरतो. नियमित फेडले जाणारे गृहकर्ज पुढे पत वाढवणारेच ठरते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवावी लागत असल्याने नवे कर्ज अहवालात लवकर उमटते. अर्जात ते न लिहिण्याचा सल्ला कुणी एजंट देत असेल, तर तो मुळीच मानू नये. माहिती लपत नाही आणि लपवल्याचा ठपका मात्र अर्जदारावर येतो.

कर्ज मंजूर झाले आहे पण पूर्ण रक्कम अजून मिळालेली नाही, हा कार्डाच्या अर्जासाठी सर्वांत वाईट काळ. बांधकाम चालू असलेल्या घराचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते आणि रक्कम देण्यापूर्वी बँक अहवाल पुन्हा पाहू शकते. त्यात नवे कार्ड किंवा नव्या विचारणा दिसल्या, तर मंजूर कर्जाचाच फेरविचार होण्याची शक्यता असते. कर्ज पूर्ण हाती येऊन पाच-सहा हप्ते वेळेवर गेल्यावर अर्ज करणे केव्हाही शहाणपणाचे.

पत्त्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण अर्ज अडकतात ते इथे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले नरेगाचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र हे अधिकृत दस्तऐवज आहेत. पॅन कार्ड आवश्यक असले, तरी ते पत्त्याचा पुरावा नव्हे. अधिकृत दस्तऐवजावर जुनाच पत्ता असेल, तर तात्पुरता पुरावा म्हणून दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीज, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल, पाइप गॅस किंवा पाण्याचे बिल चालते; मालमत्ता कराची पावतीही चालते. मात्र त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नवा पत्ता असलेला अधिकृत दस्तऐवज बँकेला द्यावा लागतो.

खरी अडचण अशी, की नव्या घराची बिले पुष्कळदा नव्या मालकाच्या नावावर नसतात. पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल, तर महावितरणचे बिल आधीच्या मालकाच्या नावाने येत राहते. नवी इमारत असेल, तर मालमत्ता कराची नोंद बिल्डरच्या नावावर असू शकते. सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती लोक हमखास पुढे करतात, पण ती या यादीत नाही. म्हणून ताबा मिळाल्याबरोबर वीजबिलावरचे नाव बदलून घेणे आणि आधारवरचा पत्ता दुरुस्त करणे, ही दोन कामे सामान लावण्याच्या आधी हाती घ्यावीत. कुटुंबात एकाच्या आधारवर नवा पत्ता आला, की पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांना कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आपला पत्ता बदलता येतो. ही सोय २०२३ पासून आहे. जुन्या बँकांनाही नवा पत्ता कळवायला हवा. नाहीतर एका खात्यावर एक पत्ता आणि दुसऱ्यावर दुसरा, असा अहवाल तयार होतो आणि पडताळणीत प्रश्न निघतात.

अर्ज फेटाळला गेला, तर कारण मागावे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार नामंजुरीचे नेमके कारण लेखी कळवणे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. कारण न कळता रागाने लगेच दुसऱ्या-तिसऱ्या बँकेकडे अर्ज करू नये. प्रत्येक अर्जामागे आणखी एक विचारणा नोंदली जाते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. त्यात चूक आढळली, तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. अहवाल ठीक असूनही कार्ड मिळत नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे. तिथे ठेव तारण असल्याने उत्पन्नाची चाळणी सैल असते.

कार्ड मिळाल्यावरचा धोका मात्र याहून मोठा आहे. नव्या घरात फर्निचर, पडदे, फ्रिज यांचा खर्च एकदम येतो आणि तो कार्डावर टाकण्याचा मोह होतो. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागले, तर दोन लाखांवर एका महिन्याचे व्याज ७,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८,२६० रुपये होतात. तेवढ्याच रकमेवर साडेआठ टक्के दराने गृहकर्जाचे महिन्याचे व्याज १,४१७ रुपयांच्या आसपास आहे. बिलातील किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलणे नव्या कर्जदाराला परवडणारे नाही. पूर्ण बिल देय तारखेला भरता येईल एवढाच खर्च ज्याला कार्डावर ठेवता येतो, त्यानेच या काळात कार्ड घ्यावे.

कार्ड घरी आल्यावर मत बदलले, तरी वाट बंद होत नाही. ३० दिवसांत कार्ड सुरू केले नाही, तर ते सुरू करण्यासाठी बँकेला ओटीपीद्वारे ग्राहकाची संमती घ्यावी लागते; ती मिळाली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत कोणतेही शुल्क न घेता कार्डाचे खाते बंद करावे लागते.