'टी' म्हणजे नुसता चहा नव्हे

लीड्स, इंग्लंड : इथे शिकायला आलेल्या मराठी मुलांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक आमंत्रण हमखास येतं. शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून हाक मारतात, 'कम राउंड फॉर यर टी, लव्ह.' यॉर्कशरमध्ये दुकानदारापासून बसड्रायव्हरपर्यंत कुणीही कुणालाही 'लव्ह' म्हणतं, त्यामुळे त्या शब्दाने दचकायचं कारण नसतं. वेळ ठरते 'हाफ फाइव्ह', म्हणजे साडेपाच. मुलगी हिशेब करते : एक कप चहा, दोन बिस्किटं, थोड्या गप्पा, साडेसहाला परत. कुकरला वरण-भात लावूनच ती निघते. हातात घरून आलेल्या बाकरवडीचा पुडा.

दार उघडतं आणि समोर मांडलेलं टेबल दिसतं. काटे-सुऱ्या, मिठा-मिऱ्याच्या डब्या, भट्टीतून नुकताच काढलेला चीज-कांद्याचा पाय, जाडजूड चिप्स, हिरवे वाटाणे. पाठोपाठ वाटीत केक आणि त्यावर ऊन ऊन कस्टर्ड. चहा येतो, पण जेवण झाल्यावर आणि भल्यामोठ्या मगमधून. आजीबाईंनी शब्द अगदी बरोबर वापरलेला असतो. उत्तर इंग्लंडमध्ये 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण.

शाळेत आपण 'टी' म्हणजे चहा असं पाठ केलं आणि शब्द संपला असं समजलो. इंग्लंडमध्ये आल्यावर कळतं की ह्या एवढ्याशा शब्दात ह्या देशाचा व्यापार, करपद्धती, गिरण्या आणि वर्गभेद असा सगळा इतिहास मुरलेला आहे. माणूस 'टी' कशाला म्हणतो त्यावरून तो कुठल्या भागातला आणि कसल्या घरात वाढलेला, ह्याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड, मँचेस्टर ह्या पट्ट्यात कष्टकरी घरांतून दिवसाची जेवणं तीन : सकाळी ब्रेकफास्ट, दुपारी डिनर, संध्याकाळी टी. शाळेत दुपारचं जेवण वाढणाऱ्या बायकांना म्हणूनच 'डिनर लेडीज' म्हणतात. दक्षिणेत, विशेषतः मध्यमवर्गीय घरांत, दुपारी लंच आणि रात्री डिनर किंवा सपर. तिथे 'टी'ला बोलावलं तर खरोखरच चहा आणि केकचा तुकडा मिळतो. पण त्याच घरातली आई मुलांना पाच-साडेपाचला भरवते ते मात्र 'चिल्ड्रन्स टी'. क्रिकेटच्या मैदानावर 'टी' म्हणजे कसोटीतली वीस मिनिटांची सुट्टी. हा अर्थ मराठी माणसाला रेडिओवरच्या समालोचनामुळे कधीपासूनच ठाऊक आहे.

एका पेयाचं नाव जेवणाला कसं लागलं?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला खात्यापित्या इंग्रजांचं मुख्य जेवण, डिनर, दुपारी दोन-तीनच्या सुमारास होई. शतकभरात ते पुढे सरकत सरकत संध्याकाळी सात-आठवर गेलं. मध्ये पोकळी पडली. बेडफर्डची डचेस अ‍ॅना मारिया हिला १८४०च्या सुमारास दुपारी चार-पाचला पोटात कसंसंच होऊ लागलं, म्हणून ती खोलीतच चहा, पाव आणि लोणी मागवू लागली आणि पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागली, अशी गोष्ट इथे सांगतात. 'आफ्टरनून टी'ची चाल पाडण्याचं श्रेय तिलाच दिलं जातं. आज लंडनच्या मोठ्या हॉटेलांत तीन मजली तबकांतून काकडीची सँडविचेस, स्कोन्स आणि छोटे केक येतात, ते ह्याच प्रथेचं रूप.

गिरणी कामगाराच्या घरात गोष्ट वेगळी होती. संध्याकाळी भोंगा झाला की भुकेलेला माणूस घरी येई. पाव, चीज, थंड मांस, जमलं तर मासा आणि ह्या सगळ्याला ऊब देणारा साखर घातलेला कडक चहा. ताटात काय असेल ते आठवड्याच्या पगारावर ठरे, चहा मात्र रोजचा. म्हणून जेवणालाच 'टी' म्हणू लागले. थोडं भरपेट असेल तर 'हाय टी'. बायका दिवाणखान्यात बसक्या टेबलांशी आफ्टरनून टी घेत आणि हे जेवण जेवणाच्या उंच टेबलाशी होई, म्हणून 'हाय', असा खुलासा सहसा केला जातो. मुंबई-पुण्याच्या कार्यक्रमपत्रिकांवर 'व्याख्यानानंतर हाय टी' छापलेलं असतं, तेव्हा त्यात उच्चभ्रूपणाची छटा असते. इंग्लंडात हाय टी हे कामगाराचं जेवण.

कामगाराला चहा परवडू लागला तो एका कायद्यामुळे. अठराव्या शतकात चहावर एवढा कर होता की चोरटी आयात हा किनाऱ्यावरच्या गावांचा जोडधंदाच झाला होता. १७८४ साली धाकट्या विल्यम पिटच्या सरकारने हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरट्यांचा धंदा बसला, चहा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. पुढे आसामचा चहा आला. त्याचा लंडनमधला पहिला लिलाव जानेवारी १८३९मधला. एकोणिसावं शतक संपेपर्यंत इंग्रजांच्या कपातून चिनी चहा हटून हिंदुस्थान आणि सिलोनचा चहा आला होता. दुधाबरोबर चालणारा हा कडक, काळसर चहाच यॉर्कशरमध्ये आजही उकळत्या पाण्याने बनतो. त्याला 'बिल्डर्स टी' म्हणतात, म्हणजे गवंड्या-सुतारांना लागतो तसा.

शब्दाचा प्रवास मात्र ह्याच्याही आधीचा आहे आणि तो थेट मुंबईला येऊन भिडतो.

चिनी लिपीत चहाचं चिन्ह एकच, उच्चार प्रांतागणिक निराळे. बहुतेक चीनमध्ये आणि कॅन्टनकडे 'चा'. फुकिएन प्रांतातल्या अमोय बंदराच्या बोलीत 'ते'. पोर्तुगीज मकावमध्ये बसले, त्यांनी 'शा' उचललं. डच व्यापाऱ्यांचा संबंध 'ते' म्हणणाऱ्यांशी आला, त्यांनी तो शब्द युरोपभर पोचवला. खुष्कीच्या मार्गाने इराणकडे 'चाय' गेला. भारतात दोन्ही घराणी नांदतात : मराठीत चहा, हिंदीत चाय, गुजरातीत चा, तमिळमध्ये मात्र 'ते'ला पाण्याचा 'नीर' जोडून तेनीर.

इंग्रजांनी आधी 'चा'च म्हणून पाहिलं होतं. जपानमधल्या हिरादो इथला ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस रिचर्ड विकम ह्याने जून १६१५मध्ये क्योटोला लिहिलेल्या पत्रात उत्तम 'चॉ'चं एक भांडं मागवलं. इंग्रजाच्या हातून चहाचा उल्लेख झाल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद. १६५८ साली लंडनच्या एका वृत्तपत्रात एका कॉफीघराची जाहिरात आली. त्यात ह्या चिनी पेयाला चिनी लोक 'चा' म्हणतात आणि इतर देशांत 'टे' किंवा 'टी', असा तिन्ही नावांचा उल्लेख आहे. गिऱ्हाइकाने कुठलंही नाव घेतलं तरी विक्री व्हावी, एवढाच दुकानदाराचा हेतू असणार. भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक शब्द रुजताना दिसतो.

चारच वर्षांनी, मे १६६२मध्ये, दुसऱ्या चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रागांझाच्या कॅथरिनशी झालं. आंदणात मुंबई मिळाली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. ती मुंबई पुढे १६६८मध्ये राजाने कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. ह्याच कॅथरिनने इंग्रज दरबाराला चहाची गोडी लावली, असं इथे मानतात. तिच्या माहेरच्या भाषेत चहाला 'शा' म्हणत. राणीची आवड दरबाराने उचलली, शब्द मात्र डचांकडून आलेला 'टी'च राहिला.

तेव्हा तो 'टी'ही नव्हता. बरीच वर्षं उच्चार 'टे' असाच होता. अलेक्झांडर पोप ह्या कवीने १७१४च्या 'द रेप ऑफ द लॉक'मध्ये ह्या शब्दाचं यमक 'ओबे'शी जुळवलं आहे. आजच्या उच्चाराने ते अडखळतं, त्या काळच्या कानाला बिनचूक होतं. आयर्लंडच्या गेलिक भाषेत अजून 'टे'च म्हणतात.

हरवलेला 'चा' नंतर मागच्या दाराने परत आला. हिंदुस्थानातल्या छावण्यांत राहिलेल्या गोऱ्या शिपायांनी 'चार' हा शब्द घरी नेला. आजही वयस्क इंग्रज 'अ कप ऑफ चार' म्हणतो. त्यातला 'र' लिहिण्यापुरता, उच्चार 'चा'. घरकाम करणाऱ्या बाईला पूर्वी 'चारवूमन' म्हणत. ते ऐकून ती चहा करणारी असावी असं वाटतं, पण तो 'चार' निराळा, कामाची पाळी ह्या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलेला. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये यमक जुळवून गुप्त बोली करायची खोड, तिथे 'रोझी ली' म्हणजे टी आणि 'टी लीफ', म्हणजे चहाची पत्ती, म्हणजे थीफ, चोर. लीड्समध्ये पेयाला 'ब्रू' म्हणतात. जेवणाने 'टी' हा शब्द अडवल्यावर पेयाला दुसरं नाव लागणारच. तरुण मुलामुलींत 'स्पिल द टी' म्हणजे आतली खबर सांग. ही लकब अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीतून आली.

आणि आता कॅफेंच्या फळ्यांवर 'चाय'. इंग्रजीत त्याचा अर्थ वेलची-दालचिनी घातलेला गोड, दुधाळ चहा. कुठे कुठे 'चाय टी' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे चहा चहा. अमोय आणि कॅन्टन शेजारी शेजारी.

इंग्रज मायेच्या गोष्टी तोंडाने फारशा बोलत नाहीत. शेजारी कुणी गेलं, कुणाची नोकरी सुटली, परीक्षेत कुणी आपटलं, तर इथली माणसं एकच वाक्य उच्चारतात : 'आय विल पुट द केटल ऑन.' परक्या देशात एकट्या राहणाऱ्या मुलांनी हे वाक्य नीट ऐकावं, कारण 'तू एकटी नाहीस' हेच त्यात सांगितलेलं असतं. केटल लावायची ही सवय युद्धातही सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात जुलै १९४०पासून चहाचं रेशन होतं, माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. ते ऑक्टोबर १९५२पर्यंत चाललं. युद्धानंतरच्या ब्रिटिश रणगाड्यांत पाणी उकळायचं भांडं बसवलेलं असतं, सेंच्युरियनपासून.

ह्या सवयीची मोजदाद वीज खात्याकडेही आहे. ४ जुलै १९९०ला विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं. सामना संपताच देशभरातली माणसं टीव्हीसमोरून उठली, केटल लावल्या आणि विजेची मागणी एकदम २८०० मेगावॉटनी चढली. एक केटल साधारण तीन किलोवॉट खाते. अशा उसळीसाठी वेल्समध्ये डोंगर पोखरून बांधलेलं डिनोर्विगचं केंद्र कामी येतं. वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडलं की काही सेकंदांत वीज मिळते, रात्री मागणी कमी झाली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात.

आजीबाईंच्या घरी टी उरकतो, मुलगी बशा धुवायला मदत करते आणि दोघी ब्रू घेऊन सोफ्यावर बसतात. समोरच्या बसक्या टेबलाला आजीबाई 'कॉफी टेबल' म्हणतात. मुलीच्या तोंडून सवयीने 'टीपॉय' निघतं. आजीबाईंना हा शब्द ठाऊक नसतो. इंग्लंडात तो आता जुन्या फर्निचरच्या लिलावातच भेटतो आणि तिथे त्याचा अर्थ होतो एका खांबावर उभी केलेली चहाची पेटी. मुळात शब्द आपल्याकडचा : तीन पायांची ती तिपाई. इंग्रज साहेबाने ती घरी नेली, उच्चारात 'टी' ऐकू आला म्हणून तिचा चहाशी संबंध जोडला, स्पेलिंगही तसंच केलं. तोच शब्द साहेबी वेशात परत येऊन मराठी घरांत टीपॉय झाला आणि साताऱ्या-सांगलीच्या दिवाणखान्यात अजून टिकून आहे. मुलगी बोटाने टेबलाचे पाय मोजून दाखवते. ते चार असतात.